न कोरलेल्या नावाची कबर : स्टोक पोजिस, बकिंगहॅमशर

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाउ शहरापासून उत्तरेला दोन-तीन मैल गेलं की स्टोक पोजिसचं सेंट जाइल्स चर्च लागतं. चर्च गावाच्या मधोमध नाही, जरा तुटून, झाडांच्या आडोशाला आहे. बाहेरगावाहून इथे येणारे बहुतेक जण एकाच कारणासाठी येतात. त्यांना अठराव्या शतकातला इंग्रज कवी टॉमस ग्रे याची कबर बघायची असते. आवारात शिरायचं, चर्चला वळसा घालून पूर्वेच्या अंगाला जायचं. तिथे विटांच्या जुन्या हेस्टिंग्ज चॅपलच्या खिडकीसमोर विटांचीच एक ओट्यासारखी कबर आहे, वर सपाट शिळा. (हे हेस्टिंग्ज सोळाव्या शतकातले. सालबाईच्या तहाच्या वेळचा आपल्या ओळखीचा वॉरन हेस्टिंग्ज इथे शोधू नये.)

मग माणूस वाकून शिळा वाचू लागतो आणि गोंधळतो. तिच्यावर दोन बायकांची नावं आहेत. एक मेरी अँट्रोबस, अविवाहित, मृत्यू ५ नोव्हेंबर १७४९. दुसरी डॉरथी ग्रे, विधवा, मृत्यू ११ मार्च १७५३. कवीचं नाव कुठेच नाही. चुकीच्या कबरीपाशी आलो की काय असं वाटून मान वर केली, की चॅपलच्या भिंतीत बसवलेली एक पाटी दिसते. तिच्यावरच्या मजकुराचा भावार्थ असा: या दगडासमोरच्या कबरीत, जिच्यावर त्याने आपल्या लाडक्या आईच्या वियोगाचं दुःख इतक्या हळवेपणाने नोंदवलं आहे, तिथेच टॉमस ग्रेचे अवशेष आहेत, ६ ऑगस्ट १७७१ रोजी त्याला पुरलं.

तर ही कबर कायद्याने जपली जाते ती तिच्यावर नसलेल्या माणसामुळे. ती आहे मात्र आईची आणि मावशीची. हे प्रकरण तपशिलाने मांडावंसं वाटलं ते या पेचासाठी. वारसा जपणं म्हणजे काहीतरी करणं, असा आपला समज असतो. इथे जे केलं नाही, तेच सगळ्यात शहाणपणाचं ठरलं असं माझं मत आहे.

आधी कबरीतली माणसं. डॉरथी अँट्रोबसचं लग्न लंडनच्या फिलिप ग्रेशी झालं. तो दस्तऐवज आणि पैशांचे व्यवहार करून देणारा माणूस होता. डॉरथी आणि तिची बहीण मेरी कॉर्नहिल भागात बायकांच्या टोप्या, लेस, रिबिनी असल्या मालाचं दुकान चालवत. डॉरथीला बारा मुलं झाली, त्यातली अकरा तान्हेपणीच गेली. २६ डिसेंबर १७१६ला जन्मलेला टॉमस तेवढा जगला. नवरा संशयी आणि मारकुटा. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे बाईची कमाई लग्नानंतर नवऱ्याची होई, त्यामुळे दुकान बहिणींच्या हाती राहावं म्हणून वेगळी तजवीज करावी लागली होती. १७३०च्या दशकात डॉरथीने एका कायदेपंडितापुढे आपली कैफियत मांडली. तिच्यात ती सांगते की दुकानाचं भाडं मी भरते, माझा खर्च मी करते, मुलाच्या शाळेचा आणि केंब्रिजचा बहुतेक भारही मीच उचलते, तरी हा माणूस छळतो आणि दुकान बंद पाडायच्या धमक्या देतो. तिच्या हाती फारसं काही लागलं नाही. मुलगा ईटनला शिकला, कारण तिचे भाऊ तिथे शिकवत होते. म्हणजे मामांचा आधार आणि आईची कमाई. ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी घरांत जशीच्या तशी सापडेल.

१७४१मध्ये फिलिप ग्रे वारला. पुढच्या वर्षी दोघी बहिणी दुकान आवरून स्टोक पोजिसला तिसऱ्या बहिणीकडे राहायला आल्या. तीही विधवा झाली होती. टॉमस केंब्रिजहून सुट्ट्यांत इथेच यायचा. १७४९मध्ये मेरी गेली. चर्चच्या आवारातलं हे भुयारी दफनस्थान आईने करवून घेतलं, असं मुलाच्या इच्छापत्रातच आहे. जिच्या कमाईवर कायद्याने तिचा हक्क धड मानला नाही, त्या बाईने केलेली ही कायमची जागा. हा तपशील बहुतेक प्रवासी पुस्तिकांत एका ओळीत उरकलेला असतो. माझ्या लेखी या वास्तूचं निम्मं महत्त्व त्यातच आहे.

ज्या कवितेमुळे ग्रे ओळखला जातो ती ‘एलिजी रिटन इन अ कंट्री चर्चयार्ड’ त्याच काळातली. खेड्यातल्या चर्चच्या आवारात, जिथे कोणी नामवंत झोपलेलं नाही अशा मातीच्या ढिगाऱ्यांकडे बघत लिहिलेली ती विलापिका ग्रेने जून १७५०मध्ये पुरी करून मित्र होरेस वॉलपोलकडे पाठवली. तिची हस्तलिखितं हातोहात फिरली आणि एक मासिक ती परस्पर छापणार असं कळताच ग्रेची धांदल उडाली. १५ फेब्रुवारी १७५१ला रॉबर्ट डॉड्‌स्ली या प्रकाशकाने ती घाईने वेगळी छापली. ग्रेची एक अट होती: वर माझं नाव नको. नाव अर्थात लगेच सगळीकडे झालं. आपल्याकडे इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या कित्येक पिढ्यांनी ती परीक्षेसाठी घोकली. नेमकं हेच आवार कवितेतलं का, यावर वाद आहे. स्लाउजवळच्या अप्टनचे लोक आपल्या सेंट लॉरेन्स चर्चचा हक्क सांगतात. तो वाद खुशाल चालू द्यावा. कबर कुठे आहे यावर वाद नाही.

१७५३मध्ये आई गेली. तिच्यासाठीचा मजकूर ग्रेने स्वतः रचला. मी तो मराठीत असा सांगेन: त्याच श्रद्धेने, आपल्या मैत्रीण आणि बहिणीशेजारी, इथे डॉरथी ग्रे, विधवा, हिचे अवशेष निजले आहेत; अनेक लेकरांची दक्ष, मायाळू आई; त्यांतल्या एकट्यालाच तिच्यामागे जगण्याचं दुर्दैव लाभलं.

ग्रेने २ जुलै १७७०ला इच्छापत्र केलं. मला आईने करवलेल्या त्या दफनस्थानात तिच्या शेजारी ठेवा, शवपेटी मुरलेल्या ओकची असावी, तिला आतून अस्तर नको की वरून कापड नको. फार गैरसोय होणार नसेल तर इच्छापत्राच्या व्यवस्थापकांपैकी एकाने मला जमिनीत ठेवताना तिथे असावं. गावातल्या कष्टाळू गरिबांना दहा पौंड वाटावेत. ३० जुलै १७७१ला तो केंब्रिजमध्ये वारला. आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव गादीवर होते. आठवड्याभरात त्याला इथे आणून पुरलं, आणि शिळेवर त्याचं नाव आलं नाही.

अठ्ठावीस वर्षं ते तसंच राहिलं. मग जॉन पेन पुढे आला. अमेरिकेत ज्याने पेनसिल्व्हेनिया वसवलं त्या विल्यम पेनचा हा नातू. त्याचा बाप टॉमस पेन याने १७६०मध्ये चर्चला लागून असलेली स्टोक पार्कची जहागीर विकत घेतली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर तिकडची मालकी गेली, नुकसानभरपाई मिळाली, आणि जॉनने इकडे मोठा वाडा उभारला. १७९९मध्ये ग्रेच्या स्मरणार्थ दोन कामं झाली. पहिलं म्हणजे चॅपलच्या भिंतीतली ती पाटी. दुसरं, आवाराला लागून असलेल्या शेतात वास्तुकार जेम्स वायट याच्याकडून करवलेलं भलंथोरलं स्मारक. उंच चौकोनी बैठकीवर दगडी शवपेटी, आणि बैठकीच्या बाजूंवर ग्रेच्या ओळी. पेनच्या वाड्यातून बघताना हिरवळीच्या टोकाला ते डोळ्यांत भरावं, हाही हिशोब त्यात होता. बडे जमीनदार तेव्हा देखाव्यासाठी बागेत खोटी भग्न देवळंही बांधत. निदान इथे खरा कवी होता.

स्मारक मला थोडं बटबटीत वाटतं. अनाम माणसांच्या कबरींवर लिहिणाऱ्याला एवढा थाट कशाला? पण त्या थाटाचा एक फायदा झालाच. ज्यांना नाव मोठ्या अक्षरांत हवं होतं त्यांची हौस शेजारच्या शेतात भागली आणि कबरीला कोणी हात लावला नाही. भिंतीतली पाटी तर अस्सल तोडगा आहे. माहिती देते, पण मूळ वस्तूवर चरा पाडत नाही. वारसा संवर्धनाची आजची तत्त्वं, म्हणजे कमीत कमी ढवळाढवळ करा, नवं ते नवं म्हणून वेगळं दिसू द्या, मूळ मजकुरात भर घालू नका, ही विसाव्या शतकात कागदावर आली. पेनच्या माणसांनी त्यातलं बरंचसं आधीच करून ठेवलं होतं. तत्त्व म्हणून की शिळेवर जागा पुरत नव्हती म्हणून, याने फळात फरक पडत नाही.

आपल्याला नाव घालायची भारी हौस. लग्नातल्या ताटवाट्यांवर नाव, देवळाच्या फरशीवर देणगीदाराचं नाव, गडाच्या तटावर बदामासकट नाव. ही खोड एकट्या मराठी माणसाची नाही, इंग्लंडच्या किल्ल्यांच्या भिंतीही अशा कोरीव कामाने भरलेल्या आहेत. म्हणून या शिळेचा साधेपणा जास्तच उठून दिसतो.

विसाव्या शतकात कबरीला धोका आला तो बाहेरून. पहिल्या महायुद्धात स्लाउच्या वेशीवर लष्करी मोटारी दुरुस्त करण्याचा मोठा तळ उघडला होता. १९२०मध्ये तो काही उद्योजकांनी विकत घेतला आणि त्यातून स्लाउची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखाने आले, कामगार आले, घरं आली. विटांच्या चाळवजा वस्त्या उत्तरेकडे सरकू लागल्या. दीड-दोन शतकं ज्याला खेड्यातलं आवार म्हणत होते ते शहराच्या पोटात जाणार असं दिसू लागलं. १९२५मध्ये पेनचं स्मारक नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं. लगतचं शेतही आज ट्रस्टच राखतो. एक बाजू बांधकामापासून सुटली.

दुसऱ्या बाजूची गोष्ट अधिक गमतीची आहे. तिकडची जमीन वाचवणारा माणूस म्हणजे सर नोएल मॉब्ज, त्याच औद्योगिक वसाहतीच्या कंपनीचा प्रमुख! शहर वाढवणारा तोच आणि ते अडवणाराही तोच. त्याने ती जमीन घेऊन १९३०च्या दशकात तिथे स्मृती-उद्यान केलं. रचना एडवर्ड व्हाइट या उद्यानकाराची. दहन केलेल्यांच्या अस्थी तिथे ठेवता येतात, पण क्रूस नाहीत, थडग्यांचे उभे दगड नाहीत. फुलझाडांचे वाफे, पाण्याचे झरे, छोट्या फाटकांच्या कौटुंबिक बागा. स्मशानकळा येऊ द्यायची नाही हा कटाक्ष. मला हे फार हुशारीचं वाटतं. जमीन नुसती मोकळी ठेवली असती, तर पुढच्या पिढीत कोणीतरी तिच्यावर घरं बांधायचा अर्ज घेऊन आलंच असतं. जिथे शेकडो कुटुंबांची माणसं विसावली आहेत तिथे असा अर्ज करायला छाती लागते. आज या उद्यानाची नोंद देशाच्या ऐतिहासिक उद्यानांच्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत आहे. म्हणजे कबरीला संरक्षण द्यायला केलेली गोष्ट स्वतःच संरक्षित होऊन बसली.

पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना शंभर मीटरचा नियम तोंडपाठ असतो. आपल्या पुरातत्त्व कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आलं. इंग्लंडमध्ये असं टेपने मोजलेलं वर्तुळ नाही. तिथला १९९०चा कायदा म्हणतो की सूचीबद्ध (सरकारी वारसा-यादीत नोंदलेल्या) वास्तूच्या परिसराचा, म्हणजे ती ज्या भवतालात अनुभवली जाते त्याचा, परवानगी देताना विशेष विचार करा. किती अंतर, हे प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरतं. आपली पद्धत लोकांना जाचते पण कळते. त्यांची पद्धत लवचीक आहे, आणि ज्याच्याकडे चांगला सल्लागार त्याच्याकडे ती जरा जास्तच वाकते. स्टोक पोजिसला ती वाकायची वेळ फारशी आली नाही, कारण दोन्ही बाजूंची जमीन आधीच अशा हातांत गेली होती.

आता मुद्दा मालकीचा. ही कबर कोणाची? आवाराची जमीन इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे त्या चर्चच्या धर्मगुरूच्या पदाकडे असते, पण वरचं थडगं त्याचं नसतं. ते ज्याने उभारलं त्याचं, आणि त्याच्यामागे ज्यांच्या स्मरणार्थ उभारलं त्यांच्या कायदेशीर वारसांचं. म्हणून डागडुजीचा खर्चही तत्त्वतः वारसांवर. गावच्या चर्च समितीने आवार नीट ठेवायचं, पण प्रत्येक थडगं दुरुस्त करायचं बंधन तिच्यावर नाही. ग्रेने लग्न केलं नाही, भावंडं तर पाळण्यातच गेली होती. अडीचशे वर्षांनी चुलत-मावसांच्या वंशावळी धुंडाळत वारस कोण हे ठरवणं म्हणजे कोकणातल्या सातबारावरची सव्वाशे नावं सोडवण्यासारखं. कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. वाजवी शोध घेऊनही मालक सापडला नाही, तर चर्चचं न्यायालय त्याच्या संमतीवाचून परवाना देऊ शकतं.

हा परवाना म्हणजे फॅकल्टी. चर्च ऑफ इंग्लंडची स्वतःची न्यायव्यवस्था आहे. प्रत्येक धर्मप्रांताला एक न्यायाधीश असतो, त्याला चान्सलर म्हणतात, आणि स्टोक पोजिस येतं ऑक्सफर्ड धर्मप्रांतात. सूचीबद्ध चर्चच्या इमारतीत बदल करायचा तर सरकारी वारसा-परवानगी लागत नाही. चर्चची व्यवस्था पुरेशी कडक आहे असं मानून सरकारने ती सूट दिली आहे. पण या सवलतीला एक अपवाद आहे आणि तो नेमका थडग्यांना लागू पडतो. आवारातलं एखादं थडगं स्वतंत्रपणे सूचीबद्ध असेल, तर चान्सलरचा परवाना आणि स्थानिक परिषदेची वारसा-परवानगी, दोन्ही लागतात. एक न्यायालय, एक नगररचना खातं, दोन अर्ज, दोन सल्लागार मंडळं. म्हणून हौशी मंडळी ‘एवढंसं तर काम आहे’ म्हणून परस्पर गवंडी बोलावतात, आणि तिथूनच खरी नासाडी सुरू होते.

विटांच्या कबरीचं दुखणं बहुधा दरजांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत असतं. अठराव्या शतकातली वीट मऊ, चुन्यात बसवलेली. पाऊस भिंतीत शिरतो आणि चुन्याच्या दरजांतून परत बाहेर पडतो. वीट टिकावी म्हणून दरजांनी झिजायचं, हा तो करार. मध्येच कोणी सिमेंटने दरजा भरल्या की पाण्याची वाट बंद होते. ते विटेतूनच बाहेर पडू लागतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्याने सुटतो. सिमेंटची रेघ शाबूत, मधली वीट पोकळ, असं विचित्र जाळं मागे राहतं. वाडे दुरुस्त करणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना हे सांगावं लागत नाही. शिवाय दगड सांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात, झाडाची मुळं तळ उचलतात, गवत कापायच्या यंत्राची दोरी शिळेच्या कडा खाते. आणि दगडफूल. इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारांत त्याच्या शेकडो जाती नोंदल्या गेल्या आहेत, काही फार दुर्मिळ. तारेचा ब्रश आणि ॲसिड घेऊन कबर ‘लख्ख’ करणारा भक्त एका दुपारी दगडाची कातडी आणि दगडफूल दोन्ही घालवतो.

समजा, उद्या एखाद्या साहित्य मंडळाने अर्ज केला: पर्यटक गोंधळतात, सबब शिळेच्या खालच्या भागात ग्रेचं नाव आणि तारीख कोरावी, खर्च आमचा. काय होईल? २०१२मध्ये डफील्ड इथल्या सेंट आल्कमंड चर्चच्या खटल्यात वरिष्ठ चर्च न्यायालयाने सूचीबद्ध चर्चसाठी प्रश्नांची एक साखळी घालून दिली. या बदलाने वास्तूच्या महत्त्वाला इजा होईल का? होत असेल तर किती गंभीर? बदलाचं समर्थन किती पटण्याजोगं आहे? आणि लोकांना होणारा लाभ त्या इजेपेक्षा मोठा आहे का? हाच माप-ताजवा इथे लावला तर मंडळाचा अर्ज पहिल्या दोन पायऱ्यांवरच अडखळतो. शिळेवरचा मजकूर मुलाने आईसाठी रचलेला, पुरा झालेला. त्याखाली परक्याने त्याच मुलाचं नाव घालणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्राखाली सही करणं. लाभाचं म्हणाल तर तो १७९९पासून भिंतीवर आहेच.

अर्ज अक्षरं पुन्हा कोरण्याचा असेल तर प्रश्न अवघड होतो, आणि तिथे मी मंडळाला लगेच हसणार नाही. उघड्यावरचा दगड झिजतो, अक्षरं उथळ होतात, आणि वाचता न येणारा मजकूर जपला म्हणजे नक्की काय जपलं? तरी पुन्हा चालवलेल्या छिन्नीने अक्षराची मूळ कड कायमची जाते. मग समोर राहतो तो आजच्या कारागिराने वाचलेला मजकूर. त्याआधी करण्यासारखं पुष्कळ आहे: तिरप्या उजेडात प्रत्येक ओळीचे फोटो, मोजमाप, पूर्ण नक्कल, पाणी साचणार नाही असा उतार. आणि एक सूचना, जी पर्यटकांना न आवडणारी: शिळेवर टेकू नका, कागद ठेवून पेन्सिलने ठसे घेऊ नका.

राहता राहिला नाव नसल्याचा गोंधळ. शिळा नीट वाचली तर तो फारसा उरत नाही. आईच्या मजकुरात शेवटी जो ‘एकटा’ येतो, अनेक लेकरांतला मागे राहिलेला, तो त्याच शिळेखाली आहे. त्याने हा मजकूर लिहिला तेव्हा तो वर उभा होता आणि त्या दोघी खाली. अठरा वर्षांनी तो खाली गेला, वाक्य होतं तसंच राहिलं.